गावकीची कला आणि शासनाचा अर्ज

(शिमगोत्सवाच्या तोंडावर खेड, जि. रत्नागिरी येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



फागपंचमी जवळ आली की खेड तालुक्यातील वाड्यावाड्यांतून मृदंगावर थाप पडू लागते. जगबुडीच्या काठापासून थेट सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत, रसाळगड, सुमारगड आणि महिपतगडाच्या कुशीतल्या गावांपर्यंत, ग्रामदैवताची पालखी सजू लागते. मुंबईचा चाकरमानी रजेचा अर्ज टाकतो, बंद घराची कडी निघते आणि वर्षभर माळ्यावर ठेवलेल्या सोंगांच्या पेट्या खाली येतात. गण होतो, गवळण होते, बतावणी रंगते आणि पहाटेपर्यंत नमन चालते. श्रावण-भाद्रपदात हाच मुलूख जाखडीच्या तालावर फेर धरतो. शक्ती आणि तुरा यांचे सवाल-जवाब झडतात. गावाच्या अंगणात या कलेने तिकीट लावले नाही, जाहिरात केली नाही. तरीही ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली.

अशा एखाद्या वाडीतील खेळ्यांचा संच डोळ्यांसमोर आणावा. मृदंग फुटला आहे, नव्याला पैसे नाहीत. गावातील एखादा शिकलेला तरुण म्हणतो, "शासन लोककलेला अनुदान देते, आपण अर्ज करू या." अर्ज हाती येतो. पहिला रकाना : संस्थेचे नाव. दुसरा : नोंदणी क्रमांक. तिसरा : मागील वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल. चौथा : संस्थेच्या नावाचे बँक खाते. पाचवा : वृत्तपत्रांतील कात्रणे. वाडीतील वयोवृद्ध मृदंगवादक हे सारे ऐकून घेतो आणि एकच प्रश्न विचारतो, "आमचे खेळे संस्थेचे नाहीत, गावाचे आहेत. गावाचे नाव कोणत्या रकान्यात लिहायचे?"

आजच्या विषयाचे सार या एका प्रश्नात आहे. शासनाच्या पात्रतेच्या नियमांना दोनच आकृती दिसतात. एक, कागदपत्रे असलेली व्यक्ती. दुसरी, नोंदणी झालेली संस्था. कोकणातील कला मात्र या दोहोंपैकी कोणाचीच नाही. ती गावकीची आहे, वाडीची आहे, देवळाच्या सहाणेवर जमलेल्या समाजाची आहे. नियमांच्या चाळणीतून नेमकी तीच गळून पडते.

प्रथम व्यक्तीचा विचार करू. महाराष्ट्रात वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मानधन देण्याची योजना १९५४-५५ पासून आहे. मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव देण्यात आले आणि सर्व पात्र कलावंतांसाठी दरमहा ५,००० रुपये मानधन ठरले. वयाची अट ५० वर्षे, कलाक्षेत्रातील कार्य किमान १५ वर्षे आणि वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ६०,००० रुपये. योजना स्तुत्य आहे, याविषयी दुमत नसावे. तथापि निवड जिल्ह्यामागे वर्षाला १०० जणांची. रत्नागिरी जिल्ह्यात ९ तालुके. म्हणजे सरासरीने एका तालुक्याच्या वाट्याला अकरा नावे येतात.

त्याहून महत्त्वाची अडचण कलावंत कोणाला म्हणावे, याची आहे. अशा योजनांमागील कल्पना उपजीविकेसाठी कलेवर अवलंबून असलेल्या कलावंताची आहे. तमाशाचा फड किंवा शाहिरी पथक यांना ती लागू पडते. कोकणातील खेळ्याला ती लागू पडत नाही. तो शेतकरी असतो, गवंडी असतो, लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतील कामगार असतो किंवा मुंबईत नोकरी करणारा असतो. संकासुराचे सोंग तो पोटासाठी घेत नाही. ते त्याच्या घराण्याकडे चालत आलेले कर्तव्य आहे, देवासमोरचा मान आहे. कोरोनाच्या काळात, २०२१ मध्ये, राज्य शासनाने प्रयोगात्मक कलांतील सुमारे ५६ हजार एकल कलाकारांना प्रत्येकी ५,००० रुपयांचे एकरकमी साहाय्य जाहीर केले. तेथेही १५ वर्षांचा अनुभव आणि ४८,००० रुपयांची उत्पन्नमर्यादा होती. संकटकाळी सर्वांत गरजू माणसापर्यंत आधी पोहोचावे, हा हेतू योग्यच होता. परंतु व्यक्तीच्या दारिद्र्याचे निवारण आणि कलेचे संरक्षण ही दोन भिन्न कार्ये आहेत. पहिल्याचा निकष दुसऱ्याला लावला, तर माणसाला थोडा आधार मिळतो आणि मृदंग मात्र फुटकाच राहतो.

आता संस्थेकडे वळू. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या महोत्सव, नाट्यनिर्मिती आदींसाठीच्या अर्थसाहाय्य योजना मुख्यत्वे नोंदणीकृत संस्थांसाठी आहेत आणि त्यांतील काहींच्या नियमांत धार्मिक संस्था म्हणून कार्य करणाऱ्यांना अपात्र ठरविले आहे. राज्यात संस्था नोंदवायची, तर १८६० च्या कायद्यानुसार किमान सात सभासद लागतात आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यान्वये धर्मादाय कार्यालयाकडे नोंद लागते. त्यापुढे दर वर्षी हिशेब तपासणी, विश्वस्त बदलला की बदल अर्ज. खेडहून जिल्ह्याचे ठिकाण सुमारे सव्वाशे किलोमीटरवर. एका फेरीत एक दिवसाची मजुरी बुडते. पंचवीस हजारांच्या अनुदानासाठी वर्षानुवर्षे हा व्याप कोणती वाडी सांभाळणार?

बरे, सांभाळायचे ठरवले तरी नमन कोणत्या बाजूस बसवायचे? ते देवळासमोर होते म्हणून धार्मिक, की त्यात गायन, वादन, अभिनय आणि विनोद आहे म्हणून कला? कोकणी माणसाला हा प्रश्नच कळत नाही. त्याच्या मनात या दोहोंमध्ये भिंत नाही. भिंत अर्जाने उभी केली आहे.

कागद नाही म्हणून हक्क नाही, हा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. १८५२ च्या कायद्याने इंग्रजांनी इनाम कमिशन बसविले. ज्यांना जुन्या सनदा दाखवता आल्या नाहीत, अशा अनेकांची इनामे त्यात गेली. शतकानुशतकांची वहिवाट हा पुरावा नव्हे, कागद हाच पुरावा, ही दृष्टी तेव्हा रुजली. राज्यकर्ते गेले, दृष्टी मागे राहिली.

मात्र इतिहासाची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. राजाश्रयाचे निकष बदलण्याची मागणी समाजातूनच उठल्याचे उदाहरणही आपल्याच भूमीतील आहे. पुण्यात श्रावणमासी दक्षिणा वाटण्याची प्रथा दाभाड्यांनी सुरू केली आणि पेशव्यांनी ती वाढविली. पेशवाईनंतर तिची रक्कम घटली, पण पात्रता जुनीच राहिली, वैदिक आणि शास्त्री पंडितांपुरती. १८४९ मध्ये लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी अर्ज केला, की या निधीतील काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना मिळावा. सनातनी मंडळींचा रोष पत्करून ही मागणी झाली. १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली आणि मराठी ग्रंथनिर्मितीला तिचा आधार मिळाला. सार्वजनिक निधीच्या पात्रतेचा नियम हा ईश्वरी आदेश नव्हे. समाजाने विवेकाने मागणी केली, तर तो बदलतो.

कोणी म्हणेल, ही कला आजवर शासनाच्या मदतीवाचून जगली, आताच मदत कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर गावाच्या अर्थकारणात सापडते. पूर्वी बलुते, वतने आणि देवस्थानच्या जमिनी यांच्या आधारावर गावचा उत्सव उभा होता. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या कायद्याने खोती गेली, १९५८ च्या कायद्याने गावकामगारांची कनिष्ठ वतने गेली. या सुधारणा न्याय्य होत्या. त्यांनी माणसाला वेठीतून सोडविले. पण उत्सवाचा जुना आर्थिक पायाही त्यांबरोबर सरला. त्याची जागा घेतली गिरणगावातील पगाराने. लालबाग-परळच्या खोल्यांत राहणाऱ्या खेडच्या, चिपळूणच्या, गुहागरच्या चाकरमान्यांनी गाववार मंडळे काढली, वर्गणी जमवली, मृदंग घेतले, देवळांचे जीर्णोद्धार केले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि पुढे गिरणगावच विरले. नमन आणि जाखडी यांना शंभर वर्षांत मिळालेला सर्वांत मोठा आश्रयदाता त्याबरोबर खचला. आज वाडीत राहिले आहेत म्हातारे हात, आणि तरुण हात पुण्या-मुंबईत बारा तासांच्या नोकरीत अडकले आहेत. लोकाश्रय संपला असे नव्हे, तो थकला आहे. थकलेल्याला हात द्यावा लागतो.

असा हात कोणत्या नियमाने द्यावा, याविषयी जगानेही विचार केला आहे. अमूर्त सांस्कृतिक वारशाविषयी युनेस्कोचा करार २००३ मध्ये झाला आणि भारताने २००५ मध्ये त्यास मान्यता दिली. त्या करारातील व्याख्येत वारसा कोणाचा, याचे उत्तर देताना प्रथम समुदाय, नंतर गट आणि काही प्रसंगी व्यक्ती, असा क्रम आहे. आपले नियम नेमके उलट्या टोकापासून सुरू होतात. जपानने तर १९५० मध्येच सांस्कृतिक संपदेचा कायदा केला आणि १९७५ च्या दुरुस्तीने गावोगावच्या लोकउत्सवांना आणि लोकनृत्यांना स्वतंत्र वर्ग दिला. अभिजात कलेत तेथे श्रेष्ठ कलावंताला व्यक्ती म्हणून सन्मानिले जाते. गावच्या उत्सवात मात्र परंपरा जपणाऱ्या स्थानिक मंडळींना साहाय्य मिळते. कला जिची आहे, तिच्या रूपाप्रमाणे नियम, हे त्यामागील तत्त्व.

इतके दूर जाण्याचीही गरज नाही. आपल्याच कायद्यांत मार्ग आहेत. उत्सवासाठी वर्गणी गोळा करू इच्छिणाऱ्या, कायम नोंदणी नसलेल्या मंडळींना धर्मादाय कार्यालय तात्पुरती परवानगी देते आणि उत्सवानंतर हिशेब मागते. राज्य शासनाने २०२२ पासून उत्कृष्ट सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांची स्पर्धा सुरू केली. तिच्यात धर्मादाय नोंदणी असलेल्यांबरोबर स्थानिक पोलिसांची परवानगी घेतलेल्या मंडळांनाही प्रवेश मिळाला. २०२५ मध्ये गणेशोत्सव राज्य महोत्सव म्हणून घोषित झाला आणि त्या निमित्ताने १,८०० भजनी मंडळांना प्रत्येकी २५,००० रुपयांचे भांडवली अनुदान जाहीर झाले. हार्मोनियम, पखवाज, टाळ यांसाठी ही रक्कम. एकूण बेरीज साडेचार कोटी. राज्याच्या अंदाजपत्रकात ही रक्कम मोठी नव्हे, पण तिने एक गोष्ट सिद्ध केली. देवाच्या नावाने गायली जाणारी कला ही कलाच असते आणि तिच्या वाद्यांसाठी साहाय्य देता येते. भजनाला जे शक्य झाले, ते नमनाला आणि जाखडीला का होऊ नये? गौरी-गणपतीत फुगड्यांचे फेर धरणाऱ्या, पिढ्यांची गाणी मुखोद्गत असलेल्या आपल्या माता-भगिनींच्या गटांना का होऊ नये? त्यांच्याकडे तर कोणी नोंदणी क्रमांक मागण्याचेही कष्ट घेतलेले नाहीत.

तथापि नियम सैल करा एवढीच मागणी असेल, तर ती घातक ठरेल. पश्चिम बंगालमध्ये २०१८ साली दुर्गापूजा समित्यांना प्रत्येकी १०,००० रुपये देण्यास आरंभ झाला. रक्कम वाढत वाढत २०२५ मध्ये १,१०,००० रुपयांवर गेली. २०२१ मध्ये ज्या कोलकात्याच्या दुर्गापूजेला युनेस्कोने वारसा म्हणून गौरविले, तिच्या श्रेष्ठतेविषयी शंका नाही. पण पैसा कशासाठी दिला आणि कशावर खर्च झाला, हे प्रश्न पुनःपुन्हा उच्च न्यायालयापुढे गेले. २०२० मध्ये न्यायालयाला खर्चाचे प्रयोजन आखून द्यावे लागले आणि २०२५ मध्ये विनियोगाचे दाखले न देणाऱ्या समित्यांना अनुदान नाही, असे सांगावे लागले. निकष नसलेले अनुदान हे दान राहत नाही, ते आमिष होते. घेणारा मिंधा होतो आणि देणारा मालक. ग्रामदैवताच्या पालखीसमोर उद्या कोणा पुढाऱ्याचा फलक लागला आणि नमनाच्या गणात देवाआधी आमदाराचे नाव आले, तर अशा अनुदानापेक्षा फुटका मृदंग बरा.

म्हणून मागणी करायची ती चांगल्या नियमाची. तिचे स्वरूप स्पष्ट असावे.

पहिली गोष्ट, व्यक्ती आणि संस्था यांच्या जोडीला 'परंपरागत लोककला समूह' असा तिसरा वर्ग असावा. त्याची ओळख ग्रामसभेच्या ठरावाने पटावी. गावात कोणाचे खेळे किती पिढ्यांचे आहेत, हे मंत्रालयातील कारकुनापेक्षा ग्रामसभेला अधिक ठाऊक असते.

दुसरी गोष्ट, पुरावा कलेला साजेसा असावा. वृत्तपत्राचे कात्रण हा शहरी कलेचा पुरावा आहे. गावकीच्या वहीतील नोंद, जुन्या जाणत्यांचे निवेदन, प्रत्यक्ष प्रयोगाचे चित्रीकरण हा लोककलेचा पुरावा मानावा.

तिसरी गोष्ट, रक्कम वाद्ये, वेशभूषा, मुलांचे शिक्षण आणि गाण्यांचे जतन यांसाठीच असावी. मंडप, ध्वनिक्षेपक आणि फलक यांसाठी एक रुपयाही नसावा.

चौथी गोष्ट, हिशेब ग्रामसभेत वाचला जावा. हिशेब नाही, तर पुढील वर्षी अनुदान नाही. नाकारलेल्या अर्जांची कारणेही प्रसिद्ध व्हावीत, आणि निवड समितीतील सदस्याने स्वतःच्या गावच्या अर्जावर निर्णय घेऊ नये.

पाचवी गोष्ट, नियम सर्व समाजांच्या लोककलांना सारखाच असावा. आपल्या संविधानाच्या २७ व्या अनुच्छेदाने विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी कर देण्याची सक्ती वर्ज्य केली आहे. साहाय्य पूजेला नव्हे, कलेला आहे, हे नियमाच्या शब्दांतूनच दिसले, तर त्या अनुच्छेदाला बाध येत नाही आणि कोणाला बोट दाखविण्यास जागाही उरत नाही.

आता एक कटू गोष्ट. गावकीला पात्रता मागायची, तर गावकीनेही पात्र झाले पाहिजे. मानपानावरून पालखी अडविणे, एखाद्या वाडीला सहाणेपासून दूर ठेवणे, गावकीचा निर्णय मानला नाही म्हणून एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकणे, या गोष्टी कोकणात घडल्या आहेत. त्या लपवून उपयोग नाही. महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला आणि जुलै २०१७ पासून तो अमलात आला. हा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. हा गौरव की लाज, याचा ज्याने त्याने विचार करावा. ज्या गावात देव सर्वांच्या दारी जातो, पण देवासमोर सर्वांना जाता येत नाही, त्या गावाने कोणत्या तोंडाने सार्वजनिक निधी मागायचा? म्हणून सहावी अट आपणच घालून घेतली पाहिजे. समूहात गावातील प्रत्येक समाजघटकाला स्थान असेल आणि कोणावर बहिष्कार नसेल, असे ग्रामसभेच्या ठरावात लिहिलेले असावे. नियमापूर्वी आचरण बदलले, तर ती खरी समरसता.

कार्यकर्त्यांनी यासाठी मोर्चाची वाट पाहण्याचे कारण नाही. कामे साधी आहेत. तालुक्यातील नमन, जाखडी, भजन आणि फुगडीच्या गटांची वाडीवार नोंदवही करावी. पन्नाशी ओलांडलेल्या कलावंतांची यादी करून वयाचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि कलेचा पुरावा मिळविण्यास त्यांना हाताशी धरून मदत करावी. ज्याला ऑनलाइन अर्ज भरता येत नाही, त्याच्या शेजारी शिकलेल्या मुलाने बसावे. वृद्धांच्या मुखातील गाणी त्यांच्या अनुमतीने ध्वनिमुद्रित करावीत. पुढच्या ग्रामसभेत लोककला समूहाच्या मान्यतेचा ठराव मांडावा. शासनाचा नियम येईल तेव्हा येईल, ठराव आजच होऊ शकतो. दहा-वीस गावांचे ठराव एकत्र गेले, तर ते निवेदन कोणाला केराच्या टोपलीत टाकता येणार नाही.

आणि एक भान सदैव असावे. अनुदान हे वंगण आहे, गाडा नव्हे. ज्या वर्षी अनुदान येणार नाही, त्या वर्षीही पालखी निघाली पाहिजे. गाडा समाजाच्या खांद्यावर आहे आणि तेथेच राहिला पाहिजे. टिळकांनी १८९३ मध्ये पुण्यात गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले, ते लोकांच्या वर्गणीवर आणि लोकांच्या विश्वासावर. शासनाकडे आपण मागतो ती भीक नव्हे आणि मालकीही नव्हे. मागतो ती केवळ ओळख. मृदंगवादक आजोबांच्या प्रश्नाला उत्तर मागतो.

तो प्रश्न पुन्हा आठवावा. "गावाचे नाव कोणत्या रकान्यात लिहायचे?" या शिमग्यात पालखी दारी येईल तेव्हा प्रत्येक घराने नारळाबरोबर हा प्रश्नही मनात ठेवावा. अर्जात तो रकाना यावा, यासाठी जे करायचे ते ग्रामसभेपासून सुरू करावे. आणि तो रकाना येईल त्या दिवशी त्यात अभिमानाने लिहिता येईल असे, कोणालाही न वगळणारे आपले गाव असावे.